चुना लावलेले तीन दगड

द्वारकाबाईंना माणसं फारशी आवडत नाहीत, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतही नाही. कात्रजच्या पुढे, आता महापालिकेत आलेल्या एका गावाच्या गायरानात त्या पस्तीस वर्षं मेंढरं चारतायत. एवढ्या काळात माळाच्या तीन बाजूंना इमारती उठल्या, आणि प्रत्येक इमारतीतून कोणी ना कोणी त्यांना हाकलायला खाली उतरलं. कोणाला मेंढरांचा वास आला, कोणाच्या गाडीला खरचटलं. नवरा वारल्यावर माऊली, खराडीत सिक्युरिटीला असलेला मुलगा, एकदा म्हणाला, "आये, इकून टाक आता ती मेंढरं."

"तुला इकू का आदी?" त्या म्हणाल्या. विषय संपला.

साठ मेंढरं आणि हा उरलेला माळ, एवढाच त्यांचा संसार. माळ गेला तर मेंढरं न्यायची कुठे, हा प्रश्न त्या स्वतःलाही विचारत नसत. उत्तर ठाऊक होतं.

मग शर्मिलाबाई आल्या. राहणार नारायण पेठ, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त, गळ्यात दुर्बीण. माळरानावरचे पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेचं काम करत. संस्थेच्या कागदावर ‘मेंढपाळांना सोबत घेऊन’ असं छापलेलं होतं. सोबत म्हणजे काय, ते पहिल्याच भेटीत कळलं.

"अहो बाई, विणीचे चार महिने मेंढरं इथे आणायची नाहीत. इथले पक्षी जमिनीवर अंडी घालतात."

"मला म्हाईत हाय कुठं घालत्यात."

"माहीत असतं तर आला नसतात."

"आन तुमी? तुमचे बूट काय हवेतनं चालत्यात?"

शर्मिलाबाईंना उलट उत्तराची सवय नव्हती. वर्गात ते देण्याची कोणाची टाप नव्हती आणि घरात द्यायला कोणी नव्हतं. त्यांनी वहीत काहीतरी खरडलं. द्वारकाबाईंनी तंबाखू मळली आणि तोंड फिरवलं.

गंमत म्हणजे दोघींचा पक्षी एकच होता. मातीच्या रंगाचा, लांब पायांचा. तुरुतुरु पळायचा, थबकायचा, पुन्हा पळायचा. शर्मिलाबाई त्याला धाविक म्हणत. द्वारकाबाईंनी त्याला नाव ठेवलं नव्हतं; नावं ठेवायची ती माणसांना. पण त्याची दोन-तीन अंडी उघड्या मातीत दिसली, की त्या भोवती तीन दगड मांडत आणि तंबाखूच्या डबीतला चुना दगडांना फासत. लांबून पांढरं दिसलं की कळप दोन्ही अंगांनी वळवायचा. सासूनं शिकवलेलं होतं. शर्मिलाबाईंना त्यांनी हे सांगितलं नाही. विचारलं कोणी होतं?

वैशाखातल्या एका संध्याकाळी त्या कळप घेऊन परतत होत्या. पांढरं दिसेना, म्हणून त्यांना वाटलं ती जागा अजून पुढे आहे. मेंढरं सरळ गेली. मागून पोहोचल्या तेव्हा मातीत टरफलं आणि ओल तेवढी उरली होती. दगड दहा हातांवर, झुडपाखाली भिरकावलेले सापडले. द्वारकाबाई तिथेच खाली बसल्या. नवरा गेला तेव्हा त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या. इथे बघणारं कोणी नव्हतं, म्हणून रडल्या. मग उठून त्यांनी दगड फेकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. माळाला तारेचं कुंपण घालून चराई बंद करावी, असा अर्ज शर्मिलाबाईंनी दिला होता. साईनाथ नावाचे महापालिकेचे तरुण अधिकारी निर्णय द्यायला बसले होते. शर्मिलाबाईंनी लॅपटॉप उघडला. घरट्याजवळच्या झुडपात त्यांनी एक छोटा कॅमेरा बांधला होता. समोर काही हललं की तो आपोआप चालू होई. पडद्यावर धूळ दिसली, मग खूरच खूर, मग फुटलेली अंडी.

"यावर मी बोलायची गरज आहे असं मला वाटत नाही," शर्मिलाबाई म्हणाल्या.

साईनाथांनी द्वारकाबाईंकडे पाहिलं. "मेंढरं तुमचीच ना?"

"माझीच. ह्याच्या आदी काय हाय ते दावा."

"त्याआधी काही नाही," शर्मिलाबाई म्हणाल्या. "मी कॅमेरा लावत होते."

"मंग तेच दावा."

साईनाथांनी चित्रण मागे नेलं. पडद्यावर दोन अंडी, भोवती तीन पांढरे दगड. मग घड्याळ घातलेला एक हात आला आणि त्यानं एकेक दगड उचलून बाजूला फेकला. घड्याळ शर्मिलाबाईंच्या मनगटावर आत्ताही होतं.

"दगड चौकटीत मध्ये येत होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अंडी चोरणाऱ्यांची खूण असेल, असं वाटलं मला."

"चोराची न्हवं, माझी व्हती," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि चुना, सासू, कळप, सगळं एका दमात सांगून टाकलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "मेंढरं गवत खात्यात म्हनून ते पाखरू हितं पळतंय. घाला कुंपन. गवत कमरंला आलं की हुडका मंग पाखरू."

शर्मिलाबाईंनी लॅपटॉप मिटला. बाई खडूस, पण खोटारड्या नव्हत्या. त्यांनी पेन मागून घेतलं आणि अर्ज मागे घेतल्याचं लिहून दिलं. माफी मागितली नाही. ती त्यांनी कधीच कोणाची मागितली नव्हती.

"चराई चालू राहील," साईनाथ म्हणाले. "पण संस्थेला नोंदी तर घ्याव्या लागतील. तुमची काही अट?"

"बाईनं यायचं तर मेंढरांच्या मागनं यायचं. एकटीनं माळावर फिरायचं न्हाय."

"लेंड्या तुडवत?" शर्मिलाबाईंनी विचारलं.

"व्हय."

साईनाथांनी लेंड्या सोडून बाकीचं लिहून घेतलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला शर्मिलाबाई हजर झाल्या. त्या दिवसापासून रोज दोघी चालतायत, बोलत मात्र नाहीत. डबा खायलाही दोन वेगळ्या झाडांखाली बसतात. परवा शर्मिलाबाई दुर्बिणीतून लांबचं काही बघत पाऊल पुढे टाकत होत्या.

"थांब," द्वारकाबाई म्हणाल्या.

शर्मिलाबाईंचा बूट हवेतच राहिला. खाली मातीत एकुलतं एक अंडं होतं. नारायण पेठेत त्यांना एकेरीत बोलणारं माणूस उरलं नव्हतं. त्यांनी सावकाश पाय मागे घेतला, दुर्बीण खाली केली.

"थांबा म्हणतात," त्या म्हणाल्या.

"थांबा म्हनंस्तवर फुटलं आस्तं."