मायचं खुरपं आणि आलस्यम्

तलमडुगूकडच्या काळ्या मातीला मी आजवर माफ केलेलं नाही. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात चिकटते, आणि कधीच कुणाचं ऐकत नाही. आमचा जिल्हा तेव्हा आंध्रात होता आणि मी नुकतीच मराठी शाळेवर हंगामी बाई म्हणून लागले होते. डांबरी सडक संपली की शाळेपर्यंत चार किलोमीटर निव्वळ चिखल. माझी लेडीज सायकल त्यात जेमतेम शंभर पावलं चालायची. मग मडगार्ड आणि चाकाच्या मधे माती अशी ठासून बसायची की चाक फिरायचं नाव घेईना. तिथून पुढे मी सायकलवर नाही, सायकल माझ्यावर.

माती काढायला मी घरच्या घरी हत्यारं बनवली. छत्रीची काडी पहिल्याच दिवशी वाकली. कापसाच्या पऱ्हाटीची काटकी आत मोडून आतच राहिली, म्हणजे आता माती आणि काटकी दोन्ही काढा. लाकडी पट्टीही मोडली, आणि ती शाळेची होती म्हणून वर बोलणी खाल्ली. चुलीपाशी पडलेलं उलथनं वाकवून त्याला सुतळी बांधली, तेव्हा तर मी स्वतःवर फार खूश होते. ते स्पोकमध्ये अडकलं आणि मी सायकलीसकट आडवी झाले. त्या दिवशी हजेरीपटात दुसरा ‘लेट’ लागला.

हेडमास्तर म्हणाले, “बाई, तिसरा लेट झाला की कागद वर जाते. मग कायम व्हायचं विसरा.” आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेली मी पहिली. माझ्या मायनं लोकांच्या वावरात निंदण करून मला शिकवलं होतं. मला ती नोकरी हवी होती, अगदी हट्टानं हवी होती, आणि ती चिखलापायी जाणार म्हणून मी रडलेसुद्धा.

माय मात्र माझी हत्यारं बघून पोट धरून हसली. “एवढी शिकली तू, अन् चिखल काहाडता येत नाही तुले?” तिनं आपलं जुनं खुरपं काढलं. वीस वर्षं घासून घासून त्याचं पातं बोटभर उरलं होतं. लोहाराकडून तिनं ते जरा वाकवून आणलं. मडगार्डच्या आत घातलं की एका ओढीत माती बाहेर. मी पुढचे पंधरा दिवस घंटेच्या आधी शाळेत हजर.

मग निरोप आला की तपासणीला साहेब येणार. त्या दिवशी मी अर्धा तास लवकर निघाले. वाटेत एक गृहस्थ एका पायावर उभे. दुसऱ्या पायाच्या बुटाला मणभर माती, अन् ते बाभळीच्या काडीनं ती टोकरून राहिले होते. मला वाटलं, फवारणीच्या औषधाचा एजंट असेल. दया आली. म्हटलं, “ये लेव भैया, मगर वापस देना.” भैयानं बूट खरवडले, खुरप्याकडं कौतुकानं पाहिलं, आणि ते हातात घेऊनच वावराच्या अरुंद धुऱ्यावरून तरातरा निघाला. धुऱ्यावरून सायकल जात नाही. मी ओरडत राहिले, त्यानं मागं वळून हात हलवला. त्याला वाटलं मी निरोप देतेय.

पुढचं सगळं मी बोटांनी आणि केसातल्या पिनेनं काढलं. एजंटाच्या सात पिढ्या उद्धरल्या. एक चप्पल मातीनं ठेवून घेतली.

शाळेत पोचले तर घंटा होऊन गेलेली. हेडमास्तरांच्या खुर्चीत तोच भैया, बूट चकचकीत. पुढ्यात हजेरीपट, आणि पटावर माझ्या मायचं खुरपं. माझ्याकडं न बघताच ते लाल पेन उचलून म्हणाले, “टीचर आलस्यम्.”

माझं डोकंच फिरलं. आळशी? मी? कोपरापर्यंत चिखल, पायात एकच चप्पल, आणि मी आळशी? हेडमास्तर मागून हात हलवून मला थांबवत होते, पण मी कशाची थांबते. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत मी साहेबाला ऐकवलं, की लेट लिहा, दहा वेळा लिहा, पण आळशी आमच्या घरात कुणी जन्माला आलं नाही. शेवटी हेडमास्तर माझ्या कानाशी आले. “बाई, तेलुगूत आलस्यम् म्हंजे उशीर.”

मी खाली बघितलं. एकाच चपलेकडं बघत उभी राहिले.

हेडमास्तरांनी तेलुगूत काहीतरी समजावलं, तेव्हा साहेब हसले. मग हिंदीत विचारलं, “हम भी उसीच रस्ते से आए अम्मा. हम टाइम पे, आप कैसे लेट?”

मी खुरप्याकडं बोट दाखवलं. “साब, मेरा टाइम आप लेके आए.”

साहेबांनी खुरपं पाहिलं, मग आपले बूट, मग माझे हात. लाल पेनाचं टोपण लावलं आणि निळ्या पेनानं माझ्या नावापुढं घंटेची वेळ, दहा, असं लिहून सही केली. खुरपं मात्र दोन्ही हातांनी परत दिलं.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. नोकरी वाचली हे ऐकून तिनं नुसती मान हलवली. खुरपं उलटंपालटं करत विचारलं, “हा वाळलेला चिखल साहेबाच्या बुटाचा हाय?”

“हाव.”

तिनं ते धुतलं नाही. तसंच नेऊन फळीवर ठेवलं आणि शेजारणींना हाका मारून दाखवलं, की आजवर मी दुसऱ्याच्या वावरात राबली, आता साहेब माह्या खुरप्यानं बूट खरवडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धो धो पाऊस. मी फळीकडं हात केला तर माय आडवी आली. “काय बी ने. हे नाही भेटत.”

मी छत्रीची काडी घेऊन निघाले. तिसरा लेट त्या दिवशी लागला.