संत लाझारोला वाहिलेल्या गोळ्या

त्रिनाचा नवस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाईने आयुष्यभर दुधाच्या वड्या विकल्या, पण वडीत कधी भेसळ केली नाही आणि टेकडीवरच्या संत लाझारोचा एकही नवस बुडवला नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी वर्षभर गोणपाटाचा झगा घातला. अंगभर पुरळ उठलं, तरी काढला नाही. गावात तिच्या शब्दाला मान होता तो यामुळेच. त्याच मानाने तिचं वाटोळं केलं.

तिचा नवरा एलीहियो झुंजीचे कोंबडे पाळायचा. एका रविवारी झुंजीच्या रिंगणातच छातीला हात लावून खाली बसला. शहरातल्या इस्पितळात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. तो आत होता तेव्हा त्रिना बाहेरच्या बाकावर बोलून गेली, "लाझारोबाबा, हा आपल्या पायांनी तुझी टेकडी चढला, तर याच्या गोळ्या तुझ्या पायाशी वाहीन." आमच्याकडे तशीच रीत आहे. लंगडा बरा झाला की कुबडी वाहतो, आंधळ्याला दिसलं की काठी.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईने बजावलं, "ही रक्त पातळ करणारी गोळी वर्षभर एक दिवससुद्धा चुकवायची नाही. जाळी नवी आहे, तिच्यावर गुठळी धरते. त्यांना बरं वाटेल ते गोळीमुळेच. बरं वाटलं म्हणून बंद करू नका."

त्रिनाने मान डोलावली. नवसाचं बोललीच नाही. शिकलेल्यांपुढे संताचं नाव काढायची लाज वाटली, दुसरं काय!

चार महिन्यांनी एलीहियो टेकडी चढला, तेही धाप न लागता. देवळापुढे ढोल वाजले. त्रिनाने गोळ्यांचा डबा लोकांनी नवसाला वाहिलेल्या पत्र्याच्या हातापायांशेजारी ठेवला.

"अगं, कुबडी टाकली तरी पाय जागेवर राहतो," एलीहियो तिच्या कानाशी म्हणाला. "याचं तसं आहे का?"

"गप्प बस. त्याच्यासमोर असलं बोलतोस?"

गडी मात्र वस्ताद! वर निघायच्या आधीच त्याने डब्यातली दोन पाकिटं काढून कोंबड्यांच्या मक्यात लपवली होती. सकाळी दाणे टाकायला जायचा आणि गोळी गिळून यायचा. एक दिवस त्रिनाचा हात त्या मक्यात गेला. मग काय विचारता!

"संताला फसवतोस? चारचौघांत माझा शब्द खोटा पाडतोस?"

"अगं म्हातारे, डबा दिला की त्याला. मला जगू दे थोडं."

"त्यानेच जगवलंय तुला, मेल्या!"

उरलेल्या गोळ्या घेऊन ती त्याच दुपारी टेकडी चढली. एलीहियोला शहरात जाऊन दुसऱ्या आणता आल्या असत्या. नाही आणल्या. घरात रोजची कटकट नको म्हणून माणूस काय काय सोडून देतो! महिना व्हायच्या आत तो खुराड्यापाशी पडला, तो उठलाच नाही.

मक्याची गोष्ट त्रिनानेच रडता रडता सांगितली आणि गावाने निकाल लावून टाकला: संताला फसवलं, संताने नेला. त्रिनाला तो निकाल गोड वाटला. खोटं कशाला बोलू? दोष मेलेल्याच्या माथी गेला, ती सुटली. फक्त डॉक्टरीणबाईचं ते बोलणं काही केल्या कानातून जाईना.

नवव्या दिवशीच्या प्रार्थनेला सगळे जमले. शेजारीण चेपा कॉफी पिता पिता म्हणाली, "आमच्या नेरेओलाही जाळी बसवली होती, बघा आता कसा ठणठणीत झालाय. उद्या आम्ही त्याच्या गोळ्या वाहणार. आणि हा काही लपवायचा नाही हं, मी घराचा कानाकोपरा शोधलाय." बायका हसल्या. तिचा नवरा नेरेओ समोरच बसून कॉफीत पाव बुडवून खात होता.

त्रिनाने बोलावं, तर आपल्या हातांनी आपला माणूस मारला हे सगळ्यांपुढे कबूल करावं लागणार. न बोलावं, तर हा पाव खाणारा माणूस जाणार.

"चेपा, त्या गोळ्या घरीच ठेव," ती म्हणाली. "माझ्या माणसाला संताने नाही नेला. त्याच्या तोंडची गोळी मी काढली. मी मारला त्याला."

एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "दुःखाने डोकं फिरलंय गं बिचारीचं."

"मेलेल्याचं पाप अंगावर घेतेय," चेपा म्हणाली. "केवढं प्रेम बघा!"

नेरेओने मात्र पाव खाली ठेवला. खिशातून पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली आणि कॉफीच्या घोटाबरोबर गिळली.

"एलीहियोने चोरून खाल्ली, मी तुमच्यादेखत खातो. काय बोलायचं ते बोला."

चेपा आ वासून बघत राहिली. त्रिनाला हायसं वाटायला हवं होतं, पण तिला आपल्या मेलेल्या नवऱ्याचा संताप आला. एवढंच तर करायचं होतं एलीहियोने, असं सगळ्यांदेखत! ते ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात तिला आठवलं, एलीहियोच्या समोर चेपा नव्हती, ती स्वतः होती. तिने किटली उचलली आणि नेरेओच्या कपात आणखी कॉफी ओतली.