कॅचरचे गुडघे

लोरेन गापिन्स्की रेडिओवर बोलायला लागली की दक्षिण मिलवॉकीतले निम्मे पुरुष आवाज वाढवायचे आणि उरलेले निम्मे शिव्या घालायचे. शिव्या घालणारेही स्टेशन बदलायचे नाहीत, ही गोष्ट वेगळी. एकोणीस वर्षं असंच चाललं होतं. ऑक्टोबरात बेसबॉलचा हंगाम संपतो असं बाहेरचे लोक समजतात. आमच्याकडे खरी झुंज त्यानंतर सुरू होते. कोणाला ठेवायचं, कोणाला जाऊ द्यायचं, कोणावर किती पैसे घालायचे. मैदानावर बर्फ साचतो आणि गल्लीतला प्रत्येक माणूस संघाचा मालक होतो. उंटावरून शेळ्या हाकायला तिकीट लागत नाही.

लोरेन मात्र नुसत्या शेळ्या हाकणाऱ्यांतली नव्हती. तिनं एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, त्यातली चौदा मुख्य म्हणून. वरून जे पैसे येतील त्यात रोज चारशे मुलांची पोटं भरायची, आणि शुक्रवारी मासे द्यायचे म्हणजे द्यायचेच. त्यामुळे अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. आमचा संघ गरिबांतला. न्यूयॉर्कवाले एका खेळाडूला जेवढं देतात तेवढ्यात आमचे पाच येतात. तेव्हा लोरेनचा नियम साधा होता. कालच्या जेवणाचे पैसे आज द्यायचे नाहीत. माणूस अठ्ठाविसाव्या वर्षी काय खेळला हे बघून त्याला छत्तिसाव्या वर्षी पगार देऊ नका. चेंडू फेकणारे तरुण पिचर धरा, डावखुरा असेल तर आधी धरा, आणि वाचलेला पैसा संघावरच खर्च करा, मालकाच्या बोटीवर नको.

दुपारी एक ते तीन केसलर नावाचा निवेदक फोन घ्यायचा. लोरेनचा आवाज ऐकला की त्याला उकळ्या फुटायच्या.

घरात तिचा विरोधी पक्ष म्हणजे नवरा, नॉर्बर्ट. सगळे त्याला नॉर्ब म्हणत. चौतीस वर्षं चामड्याच्या कारखान्यात होता, आणि त्यातली बावीस कारखान्याच्या टीमचा कॅचर. पिचरच्या समोर उकिडवं बसायचं, तो फेकेल ते झेलायचं, झेपलं नाही तर छातीवर घ्यायचं. त्या बावीस वर्षांनी त्याचे दोन्ही गुडघे खाल्ले. एक आता धातूचा होता आणि दुसरा रडतखडत चालायचा. तरी जानेवारी ते मार्च दर शनिवारी सकाळी तो चर्चच्या हॉलमध्ये पोरापोरींना कॅचरचं काम शिकवायला जायचा. स्वतःला उकिडवं बसता येत नाही म्हणून बादली पालथी घालून तिच्यावर बसायचा. पिचर रडकुंडीला आला की त्याच्याजवळ जाऊन काय बोलायचं, हा त्याचा खास धडा होता.

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात हिवाळाभर या दोघांचं भांडण चालायचं. सकाळी कॉफीबरोबर सुरू व्हायचं ते भांडी घासेपर्यंत. ती डोक्यानं बोलायची, तो मनानं. ती आकडे काढायची, तो म्हणायचा, "आकड्यांना बॅट धरता येते का?" मुलगी ॲरिझोनाला गेली, कारखाना बंद पडला, बरेचसे मित्र वर गेले. बाकी बोलण्यासारखं दोघांत फारसं उरलं नव्हतं आणि त्याची गरजही कधी पडली नव्हती.

त्या नोव्हेंबरात एलिसेओ पेगेरोचा करार संपला. अकरा वर्षं आमचा कॅचर. आला तेव्हा त्याला इंग्रजीत फक्त 'थँक यू' येत होतं, आता तो शुक्रवारच्या तळलेल्या माशांबरोबर बटाट्याची धिरडी मागायचा. वय छत्तीस. दोन वर्षांचे दोन कोटी वीस लाख डॉलर मागत होता. सगळा दक्षिण भाग म्हणाला, देऊन टाका. नॉर्बही म्हणाला, देऊन टाका. लोरेननं केसलरला फोन लावला.

"लोरेनबाई! बोला. बर्फ काढून झाला का दारातला?"

"बर्फ नवरा काढतो. मी डोकं वापरते. केसलर, पेगेरोला जाऊ द्या."

"अरे देवा. बाई, घरावर मोर्चा येईल तुमच्या."

"येऊ दे, कॉफी पाजेन. अहो, नाकापेक्षा मोती जड झालाय. एका सामन्यात हा माणूस दीडशे वेळा उकिडवा बसतो. छत्तिसाव्या वर्षी! ते गुडघे संपलेत. त्यांच्यावर पैसे घालायचे त्यापेक्षा सरोवरात टाका, निदान डुबुक असा आवाज तरी येईल."

"पण माणूस किती चांगला आहे, बाई!"

"असेल. गुडघे गेलेला कॅचर म्हणजे बाकावरची अडगळ. चांगली अडगळ, एवढंच."

केसलर इतका हसला की त्याला ठसका लागला. 'बाकावरची अडगळ' एवढे दोन शब्द त्यानं कापून ठेवले आणि आठवडाभर प्रत्येक बातमीआधी लोरेनच्या आवाजात वाजवले.

नॉर्बनं ते हार्डवेअरच्या दुकानाबाहेर, गाडीत बसून ऐकलं. पायऱ्यांवर टाकायच्या मिठाचं पोतं घेऊन तो घरी आला, पोतं दाराशी ठेवलं, सूप प्यायला बसला.

"आज बरी बोललीस," तो म्हणाला.

लोरेन पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य आलं नाही.

तीन आठवड्यांनी संघानं पेगेरोला जाऊ दिलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संघानं त्याला वर्षभरासाठी उचललं. आमच्याकडे दोन तरुण पिचर आले, त्यातला एक डावखुरा. लोरेननं सांगितलं होतं तस्संच. त्या शुक्रवारी दोघं बारमध्ये मासे खायला गेले तर लोक तिच्याकडे पाठ करून बसलेले. कोणीतरी मागून ओरडलं, "काय बाई, साहेबांना तुम्हीच फोन केला होता वाटतं?"

लोरेन उलटून बोलणार एवढ्यात नॉर्बच म्हणाला, "तिचं बरोबर होतं. हिशोबात बसत नव्हता तो."

लोरेननं काटा खाली ठेवला. त्रेचाळीस वर्षांत या माणसानं चार लोकांत तिला कधी बरोबर म्हटलं नव्हतं. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. तिला भीती वाटली.

भीती खरी ठरली ती जानेवारीत. पहिल्या शनिवारी नॉर्ब आठ वाजून गेले तरी स्वयंपाकघरातच बसून होता. चर्चचे संघ सांभाळणारी जोआन, तिचा फोन आला. लोरेननं ऐकलं ते नॉर्बच्या बाजूचं बोलणं. "नाही गं. या वर्षी नाही. तरुण कोणीतरी बघ. हो, हो, ज्याला खाली बसता येतं असा."

त्यानं फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "का जात नाहीस?"

"गुडघे गेलेत, लोरेन."

"गुडघे जाऊन आठ वर्षं झाली!"

"झाली असतील. मला कोणी सांगितलं नव्हतं."

तो हे टोमणा मारून म्हणाला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला तिच्याकडे उत्तर होतं. तो साधेपणानं बोलला, हवामान सांगावं तसा.

"अरे, मी पेगेरोबद्दल बोलत होते."

"माहीत आहे मला. मी कुठं काय म्हणतोय?"

मग तिनं त्याला डिवचायचा सपाटा लावला. सकाळी पेपर उघडून मुद्दाम मोठ्यानं वाचायची. "नवा कॅचर बघितलास? तेवीस वर्षांचा. शंभरात एकवीस वेळाही चेंडू नीट लागत नाही त्याच्या बॅटला."

"लागेल."

"नॉर्ब, हा पोरगा माझ्या आजीपेक्षा हळू पळतो!"

"सुधारेल."

भिंतीवर चेंडू मारला तर तो निदान परत येतो. इथं तेही नव्हतं. जानेवारी असा गेला. बाहेर उणे वीस आणि घरात चमच्यांचे आवाज. लोरेनला पहिल्यांदाच आपल्या घराची भीती वाटू लागली. आपण या माणसाशी भांडत होतो म्हणून आपण दोघं होतो, हे तिला आत्ता कळत होतं आणि कळून उपयोग नव्हता.

शब्द मागे घ्यावेत का? तिनं खूप विचार केला. हिशोब पुन्हा मांडला, तिसऱ्यांदा मांडला. उत्तर तेच यायचं. दोन कोटी वीस लाख जास्तच होते. खोटं बोलून माफी मागितली असती तर नॉर्बला त्या खोटेपणाचा वास लगेच आला असता, आणि मग तो खरंच म्हातारा झाला असता.

फेब्रुवारीत पेपरात संघाची पूर्ण यादी आली, सोबत पगारांचे आकडे. पेगेरोचे वर्षाचे एक कोटी दहा लाख वाचले, त्यातले जेमतेम तीस लाख संघावर खर्च झाले होते. बाकीचे मालकानं गिळले. "वाचवा म्हटलं होतं, खिशात घाला नव्हतं म्हटलं!" ती पेपरावर ओरडली. नॉर्ब कॉफी ढवळत राहिला. मग तिची नजर पिचरांच्या वयांवरून फिरली. बावीस, तेवीस, बावीस, चोवीस. आठांपैकी सहा जण पंचविशीच्या आतले. आणि त्यांना सांभाळायला तेवीस वर्षांचं पोर. यातला एक जण जूनमध्ये भर सामन्यात कोलमडला, तर त्याच्यापर्यंत चालत कोण जाणार? गेला तर काय बोलणार?

हे तिला आधी सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, पण त्याला आकडा नव्हता म्हणून तिनं ते मोजलं नव्हतं. आणि मग तिला बर्नीस आठवली. बर्नीसबद्दल ती आजवर कोणाशीही बोलली नव्हती.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांच्या आदल्या मंगळवारी टेबलावर आलुबुखाऱ्याच्या सारणाच्या पाँच्कींचा, म्हणजे तळलेल्या पोलिश गोड पावांचा, डबा उघडा होता. नॉर्ब दुसरी खात होता, साखर शर्टावर सांडत होती. खिडकीतल्या रेडिओवर केसलर बडबडत होता. लोरेननं त्याच्यासमोरच फोन लावला.

"अहो, अडगळवाल्या बाई आल्या!" केसलर खुशीत आला. "काय, मत बदललं की काय?"

"नाही. पैसे जास्तच होते. पण मी हिशोब अर्धाच सांगितला. आणि ते वाक्य वाजवणं आता बंद करा."

"लोकांना आवडतं हो ते."

"ऐकून तर घ्या. माझ्या स्वयंपाकघरात बर्नीस नावाची बाई होती. सहासष्टाव्या वर्षी तिचे खांदे गेले. तिला भांडं उचलता येईना. वरून हुकूम आला, हिला काढा, दोन तरुण पोरी घ्या. मी नाही काढलं. तिला दाराशी बसवलं, गाजरं सोलायला. कारण दर सप्टेंबरात नव्या पोरी यायच्या आणि दुसऱ्या आठवड्यात रडत घरी जायच्या. बर्नीस असेपर्यंत एकही गेली नाही. ती फार बोलायचीही नाही. नुसती बघायची आणि म्हणायची, गॅस बारीक कर, पोरी, काही बिघडलेलं नाही. त्याचा आकडा कुठल्या रकान्यात घालायचा, केसलर? मी घातला नाही, भांडी तीच उचलते असं खोटंच लिहिलं. सहा वर्षं. आणि तुमच्या कार्यक्रमात मात्र मी..."

"बाई, बाई, छान आहे हे, पण जाहिरातीची वेळ झाली!"

रेडिओवर टायरांची जाहिरात लागली. लोरेन रिसीव्हर धरून तशीच उभी राहिली. एकोणीस वर्षांत तिचा फोन असा कोणी तोडला नव्हता, आणि तोडला तोही नेमका आज.

नॉर्बनं हात लांब करून रेडिओ बंद केला. घास गिळला.

"बर्नीसला भांडी उचलता येत नव्हती?"

"नाही."

"मग कोण उचलायचं?"

"मी."

त्यानं हातातली पाँच्की खाली ठेवली. "तू मला सांगायचीस, पाठ थंडीनं धरते."

"थंडीनंही धरायची."

"सहा वर्षं मी मलम चोळलं, लोरेन! रोज!"

"ओरडू नकोस."

"ओरडू नको? मला सांगितलं असतंस तर मी आलो असतो भांडी उचलायला!"

"कुठल्या गुडघ्यांवर?" ती म्हणून गेली, आणि लगेच तिचा चेहरा पडला. ती खुर्चीत बसली. "नॉर्ब, मी त्या दिवशी तुझा विचार न करता बोलले. पेगेरो दिसत होता मला, तू दिसत नव्हतास. आपल्याच घरात असतोस म्हणून दिसला नाहीस. मला त्याचं फार वाईट वाटतं. पैशांचं नाही, त्याचं."

नॉर्बनं शर्टावरची साखर झटकली.

"किती दिले असतेस?"

"कोणाला?"

"पेगेरोला. आता अख्खा हिशोब सांग."

लोरेननं नाक पुसलं. "वर्षाचे पन्नास लाख. एकच वर्ष. आणि आठवड्यातून दोनदाच खेळवायचा."

"पन्नास! पन्नास लाखांत हल्ली पिचरचा चुलतभाऊ येत नाही. नव्वद."

"नव्वद? डोकं फिरलंय तुझं! ऑगस्टमध्ये त्याचा खांदा बघितला होतास? दुसऱ्या बेसवर फेकलेला चेंडू जमिनीवरून घसरत जायचा."

"तो अंगठा होता, खांदा नव्हे! अंगठा दुखावला की पकड सुटते. तू कधी कॅचर होतीस?" त्याचा आवाज चढला होता, कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पंच्याऐंशी. आणि दोनदा नाही, तीनदा."

"साठ."

पेगेरो दोन हजार मैलांवर दुसऱ्याच संघाचा सदरा घालून केव्हाच सरावाला लागला होता. इथं त्याचा भाव ठरत होता.

"सत्तर," लोरेन म्हणाली. ती उघड उघड रडत होती, पण आकडा काही सोडेना.

"ऐंशी," नॉर्ब म्हणाला. "आणि जोआनला सांग, शनिवारी मी येतोय."