गेरूचे डाग

कुंड्यांना गेरू लावायला घेतला की त्या ओल्या वासानं मी अजून लातूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पोचते. भूकंपानंतर उभारलेल्या त्या शेडमध्ये उस्ताद आम्हा मेडिकलच्या क्लासला आलेल्या पोरींना चाकूचा वार अडवायला शिकवायचे. लाकडी चाकूला ते ओला गेरू फासायचे, म्हणजे वार कुठं लागला ते दिसायचं.

माझ्या खोलीतली सुनंदा उस्तादांचा सावकाश येणारा हात रोज अचूक धरायची. आम्ही टाळ्या वाजवायचो. तिला मात्र क्लासच्या वाटेवर एक जण खरोखरचा चाकू दाखवून धमकावत होता.

एकदा ती म्हणाली, "उस्ताद, आज खऱ्यासारखा वार करा."

तिचा हात वर येईपर्यंत तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर गेरूच्या पाच लाल रेघा उठल्या होत्या. उस्तादांनी लाकडी चाकू खाली ठेवला.

"बेटी, खरा वार अडवणं मलाबी न्हाई जमायचं. तू आपली पळ."

"कुठं पळू? क्लासला जायला रस्ता एकच हाय."

दुसऱ्या दिवशी ती पुस्तकं तिथंच टाकून हिमायतनगरला घरी निघून गेली. डॉक्टर व्हायचं होतं तिला.

आम्ही संध्याकाळी पुन्हा शेडमध्ये गेलो. उस्तादांनी सावकाश वार केला, मी मनगट धरलं, आणि सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.