जावयाच्या ताटातला कोंबडा

देवगाव रंगारीत चतुराबाईंच्या गावरान कोंबड्यांना एकेकाळी नाव होतं. पण त्या आखाडात जावई इंद्रजीत बजाजनगरहून जेवायला आला आणि तंगडी दोन बोटांत धरून म्हणाला, "मामी, कोंबडा व्हता का तितर?"

लेक तनुजा हसली. चतुराबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी खुराक बदलला. नुसत्या ज्वारीच्या जागी मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, थोडी सुकट. वासानं गल्लीतली मांजरं दारात मुक्कामाला आली. कोंबड्या तुकतुकीत झाल्या, अंगानं भरल्या. उंची मात्र होती तेवढीच. पायली उपडी घालावी तशा दिसायच्या.

समोरच्या साळूबाईंचे कोंबडे उकिरड्यावर जगायचे. अंगावर मांस बेताचं, पण चांगले गुडघ्याला लागायचे.

"साळू, तू काय चारती गं?" चतुराबाईंनी न राहवून विचारलं.

"काय बी नाय. मला जावई नाय, म्हणून कोंबडे थोराड हायेत."

"म्हंजी?"

"दरसाल सगळ्यात मोठा कोंबडा तू जावयाला कापती. मागं राहतेत ते बुटके. पिल्लं मंग कोणावर जातील? पेंड खाऊन पाय लांबले असते, तर मी बी खाल्ली नसती का?" ठेंगण्या साळूबाई म्हणाल्या.

तनुजाच्या लग्नापासून आखाडातला मोठा कोंबडा जावयाचा, हा घरचा रिवाज. सासूची पत त्यावर ठरायची.

यंदा खुराड्यात एकच उंच कोंबडा निघाला होता, तांबडा. आखाड आला, इंद्रजीत आला. चतुराबाईंची सुरी फिरली ती एका ठेंगण्या, जाडजूड कोंबड्यावर.

जेवता जेवता इंद्रजीतची नजर अंगणात गेली. "मामी, त्यो तांबडा कुणाचा?"

"आपलाच."

"मग ताटात कोण हाय?"

"त्याचा भाऊ. जावईबापू, यंदा रुसायचं नाय. त्याला पिल्लं होऊ द्या, मंग बोला."

तो रुसलाच. चहा न घेता गाडीला किक मारली. "जावयापेक्षा कोंबडा मोठा केलास, आई," असं तनुजा पुढं कितीतरी दिवस फोनवर ऐकवत होती.

चतुराबाईंनी त्यातल्या त्यात थोराड कोंबड्यांची अंडी निवडून खुडूक कोंबडीखाली ठेवली. तांबड्याच्या पिल्लांना तोच भरडा, तीच पेंड. पिल्लांनी बापाचे पाय घेतले आणि पेंडीनं त्यांवर मांस चढवलं.

पुढच्या आखाडात तंगडी ताटाबाहेर आली.

"आता कसं!" इंद्रजीत खूश झाला. "म्हंजी यंदा मोठाच कापला की, मामी."

"वाढू का अजून?" चतुराबाई चुलीकडे वळल्या.

तेवढ्यात समोर, साळूबाईंच्या अंगणात डालग्याखाली झाकून ठेवलेला, तांबड्याच्याच वळणाचा, त्याहून मोठा कोंबडा खणखणीत आरवला. इंद्रजीतचा घास हातातच राहिला.

"साळूचा हाय," चतुराबाई म्हणाल्या. "तिला कुठं जावई हाय!"