मीठ आलंय

त्या दुष्काळात लातूरहून देवणीला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. मांडीवर जड गोणी होती, ती खाली ठेवायला ते तयार नव्हते.

“काय हाय हो काका त्यात?” कंडक्टरने विचारलं.

“मीठ. समुद्रातले मासे पाळायच्या टाकीत घालायचं.”

“आमच्या बोअरचं पाणी न्या की, खारंच हाय!” मागून कुणीतरी ओरडलं. सगळी गाडी हसली.

तेही हसले आणि घरच्या टाकीची लांबी हातांनी दाखवू लागले. हात पुरेनात, त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. काचा त्यांनी स्वतः जोडल्या होत्या, तळाला वाळू पसरली होती, पंपही बसवला होता. रोज सकाळी काच पुसत होते म्हणे.

“मासे कोणते सोडले?” मी विचारलं.

“मासे कुठले! अजून थेंब घातला न्हाई. गल्ली टँकरसाठी घागरी घेऊन उभी हाय, अन् मी घरात समुद्र भरू व्हय?”

कोरड्या टाकीबद्दल इतक्या ताठ मानेने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

देवणीला ते उतरले, तेव्हा कंडक्टरनेही छेडलं, “काका, कुठवर आला समुद्र?”

गोणी खांद्यावर घेत ते म्हणाले, “मीठ आलंय. पाणी तेवढं यायचंय.”