शाळेच्या गाडीसाठी केलेला फॅशन शो

रोह्यात घराच्या पुढच्या खोलीत मी पार्लर सुरू केलं, तेव्हा बायका मागच्या दारानं यायच्या आणि भुवया कोरून झाल्या की कपाळावर पदर ओढून परत जायच्या. माझी शेजारीण तेवढी पुढच्या दारानं यायची, तीही आठ-नऊ वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन. लेकीचे केस कापायचे असायचे. न्हाव्याकडे ती बसत नसे. माझ्या खुर्चीत बसली की आरशात स्वतःला बघून खुदखुदायची आणि मान एकदम हलवायची, म्हणून एका हातानं तिची हनुवटी धरून मी दुसऱ्या हातानं कात्री चालवायची.

जन्मापासूनच तिच्या पायांत जोर नव्हता. पट्ट्यांचे लोखंडी बूट घातले की भिंत धरून चालायची. बोलणं मोजक्या चार शब्दांचं. मधूनच आकडी यायची. पेणला भाड्याच्या दोन खोल्यांत अशा मुलांची शाळा होती, तिथे आई तिला रोज एसटीनं घेऊन जायची. नागोठण्यापर्यंत बहुतेक उभ्यानंच. लेक वर्गात असली की आई शाळेच्या पडवीत बसून गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांना हुक लावायची, आणि दुपारी दोघी परत. घरी आल्यावर शिलाई मशीन. नवरा धाटावला कंपनीत, शिफ्टमध्ये. या रहाटगाडग्याबद्दल मी तिच्या तोंडून तक्रार ऐकली नाही, पण तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेला होता. ब्लाउज शिवताना स्वतःचं माप ती दोन्ही बाजूंचं वेगवेगळं घ्यायची.

केबल टीव्ही तेव्हा नुकता घरोघरी आला होता. त्यावर नटूनथटून चालणाऱ्या मुली दिसल्या की तिची लेक उठायची, भिंतीला धरून खोलीच्या टोकापर्यंत जायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि टाळ्यांची वाट बघायची. टाळ्या वाजवल्या नाहीत तर रडायची. एकदा माझ्याकडे बसलेली असताना शेजारीण म्हणाली, "ताई, आपणच असा शो केला तर? तिकीट लावून. शाळेला गाडी घ्यायला."

"फॅशन शो? पेणला? आणि चालणार कोण?"

"आपण. दुसरं कोण येतंय?"

समोरच्या आळीतल्या भाभी त्या वेळी केसांना मेंदी लावून बसल्या होत्या. त्यांचा नवरा कुवेतला होता. त्या म्हणाल्या, "मी चालते. माझा निकाहचा शरारा तसाच पेटीत हाय. पन फोटो नाय काढायचा कुनी."

महिला मंडळाच्या बैठकीत मात्र सगळ्यांनी नाकं मुरडली. त्यापेक्षा भजनाचा कार्यक्रम ठेवा, असं एक वयस्क बाई म्हणाल्या. शाळेच्या मोठ्या बाई मुद्दाम पेणहून आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "भजनाला लोक फुकट येतात हो." त्यावर हशा झाला आणि विषय मंजूर झाला.

मग आम्ही कपाटं उघडली. कुणाचा लग्नातला शालू, कुणाच्या आजेसासूचं खाडीकडच्या पद्धतीनं नेसायचं लुगडं, कुणाची कॉलेजातली बेलबॉटम. सैल झालेलं आवळायचं, आवळ झालेलं सैल करायचं, हे सगळं शेजारणीकडे. शाळा सुटल्यावर पेणच्या त्या खोल्यांतच आमची तालीम चालायची. पाऊल कुठं टाकायचं तेच आम्हाला कळत नसे. जाडजूड बायका एकीमागून एक चालताना बघून मुलं इतकी हसायची, की आम्हीही मध्येच खाली बसून हसायचो. शेवटी आया आपापल्या मुलांचा हात धरून येणार, असं ठरलं होतं.

लेकीसाठी शेजारणीनं पिवळा फ्रॉक शिवला. बुटांच्या पट्ट्या झाकाव्यात म्हणून घोट्यापर्यंत लांब ठेवला होता. लेकीनं तो घातला, आणि दोन्ही मुठींत धरून गुडघ्यांपर्यंत वर उचलला. खाली सोडायलाच तयार होईना. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं खालची दुमड उसवली आणि फ्रॉक आखूड केला.

भातकापणी सुरू झाली होती. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला होता, आणि लेकीला ताप चढला. तापात आकड्या सुरू झाल्या त्या थांबेनात. तिला अलिबागला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका बाईच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं, भाभी?"

"गेली गो ताई. पोरगी गेली."

माझे हात तसेच तेलकट. त्या हातांनीच मी दार ओढलं आणि शेजारच्या घरी जाऊन रिकाम्या ओटीवर बसले. घरातली माणसं अजून यायची होती.

कार्यक्रम पुढे ढकलायचं आम्ही ठरवलं. कुणी बोलून दाखवलं नाही, पण तो आता व्हायचा नाही असंच प्रत्येकीच्या मनात होतं. तेराव्यानंतर एका दुपारी शेजारीण माझ्याकडे आली. खुर्चीत बसली नाही, बाकावर टेकली.

"ताई, हॉल परत मिळायचा नाय. पुढं लग्नांचे दिवस. तारीख बदलू नका."

"अगो, पण तू..."

"बाकीची पोरं एसटीनंच जातात ना अजून."

तेराव्यासाठी गावाहून आलेल्या तिच्या सासूबाईंना हे पटलं नाही. पोरीला जाऊन महिनासुद्धा झाला नाही आणि ही पेणला नाचायला चालली, लोक तोंडात शेण घालतील, असं त्या रडत रडत बोलल्या. मी तिथेच होते. तिचा नवरा पहिली पाळी करून आला होता, पायातले बूट काढत होता. तो मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे आई तिला. घरी बसून तरी काय करनार हाय ती?"

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. लोक भिंतींना टेकून उभे होते. स्टेजमागच्या खोलीत मी एकीमागून एक चेहरे रंगवत होते आणि ती तोंडात टाचण्या धरून पदर लावत फिरत होती. स्वतः काही नेसायची तिची इच्छा नव्हती. पण शाळेतली कासूकडची एक मुलगी तिची आई वीटभट्टीवरून येऊ न शकल्यामुळे एकटीच आली होती. शाळेच्या बाईंनी काही विचारायच्या आधीच शेजारणीनं पिशवीतून पिवळा फ्रॉक काढला आणि त्या मुलीच्या अंगावर चढवला. बरोबर बसला. मग ती स्वतः माझ्यासमोर येऊन बसली. "मला पण थोडी पावडर लाव."

मी पावडर लावली. ती टिकेना. शेजारीण हुंदके देत नव्हती, तोंडही वाकडं करत नव्हती. पाणी नुसतं येत होतं, आणि पावडरीचे गोळे होत होते. मी पुसायची, पुन्हा लावायची. शेवटी ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कुंकू लाव फक्त."

भाभींचा शरारा आला तेव्हा शिट्ट्या झाल्या. लुगड्यातल्या बाईनं तर प्रेक्षकांतल्या आपल्या नवऱ्यालाच हात केला. मग मुलं आली. फ्रॉकमधली ती मुलगी शेजारणीचा हात धरून बाहेर पडली. समोर एवढी माणसं बघून ती घाबरेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. अर्ध्या वाटेत तिनं हात सोडवून घेतला, स्टेजच्या कडेपर्यंत मोकळ्या पायांनी एकटीच धावली आणि दोन्ही हात हलवायला लागली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

शेजारीण मध्येच उभी राहिली. सोडवलेला हात तसाच पुढे धरलेला. ती पुढे जाईना, मागेही फिरेना. कॅसेटवरचं गाणं चालू होतं. हे कार्यक्रमातलंच आहे असं समजून लोक आणखी टाळ्या वाजवत होते. हॉलच्या मागच्या बाजूला तिचा नवरा उभा राहिलेला मला दिसला. त्याला गर्दीतून वाट मिळेना. मी कमरेला टॉवेल खोचलेला, पायात रबरी सपाता, तशीच स्टेजवर गेले. तिच्या दंडाला धरलं. ती माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "ताई, बूट नव्हते गो तिच्या पायांत." आम्ही दोघी आत येईपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत.

गाडी आली. तिकिटांचे पैसे, काही दुकानदारांनी घातलेले, पेणच्या मूर्ती कारखान्यांकडून मिळालेले, असं मिळून जुनी पण धडधाकट व्हॅन घेता आली. रोह्यापासून मुलं गोळा करत ती पेणला जायची. गाडीत मुलांना सांभाळायला बाई हवी होती. शाळेनं आधी शेजारणीलाच विचारलं. ती नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आमच्या आळीतून जायला लागला, तेव्हा तिनं त्याला थांबवून हात जोडले. "दादा, माझ्या दारावरनं नका नेऊ. मागच्या रस्त्यानं न्या." पुढची सगळी वर्षं गाडी मागच्याच रस्त्यानं गेली. त्यासाठी लांबून वळसा पडायचा.

फॅशन शो नंतरही दोनदा झाला, एकदा वृद्धाश्रमासाठी, एकदा रक्तपेढीसाठी. कपडे तिनंच शिवले, पण हॉलवर ती कधी आली नाही. तिला दुसरं मूल झालं नाही. मी एकदा विषय काढला होता, तेव्हा ती म्हणाली, "भीती वाटते, ताई." मी पुन्हा काढला नाही.

मग तिच्या नवऱ्याची कंपनी इथला कारखाना आवरून गुजरातकडे गेली, आणि तीही दोघं निघाली. टेम्पो भरून झाला तेव्हा भाभींनी दोघांना आणि मला घरात बोलावून शेवया खायला घातल्या. सगळे खाली बघून खात होतो. नवरा एकदा म्हणाला, तिकडे पाणी खारं हाय म्हणतात. भाभी म्हणाल्या, व्हय, सवय होते. उठताना शेजारणीनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिची बोटं सुईनं खरखरीत झालेली होती. टेम्पो वळणावर गेला तशा भाभी आत गेल्या, त्यांना बशा धुवायच्या होत्या. मी परत आले तर पार्लरच्या पायरीवर एक नवरी आपल्या मावशीबरोबर येऊन बसली होती. मी कुलूप काढलं आणि तिला आत घेतलं.